शिल्लक शून्य : पालिकेच्या एका शाळेतल्या फळ्याचं प्रकरण

शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा त्या दिवशी दोन घरची धुणीभांडी आटोपून बँकेत गेल्या आणि शाळेचं पासबुक छापून घेतलं. शेवटच्या ओळीत शिल्लक 0.00. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोटो काढला, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपले पैसे कुठे गेले?'

फेब्रुवारी 2024 चा दुसरा आठवडा होता. त्याच महिन्याच्या 2 तारखेला मुंबई महानगरपालिकेचा अर्थसंकल्प मांडला गेला होता आणि शिक्षणासाठी 3,497.82 कोटींची तरतूद ही बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. एकीकडे साडेतीन हजार कोटी, दुसरीकडे शून्य. शनिवारच्या पालक सभेला एरवी पंधरा-वीस बाया येतात, त्या शनिवारी हॉल भरून जिन्यात माणसं उभी होती.

मी या समितीवर 'शिक्षणतज्ज्ञ' या जागेवर आहे. तज्ज्ञ वगैरे काही नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. निवृत्तीनंतर घरी बसून पेपर वाचतो म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी ओढून आणलं. तेव्हा पुढे जे सांगतोय त्यात आमची चूक सांगताना मी बाहेरचा नाही. ज्या सभांमध्ये अनुदानाचा विषय 'वाचून कायम' झाला, त्यातल्या तीन इतिवृत्तांवर माझीही सही आहे.

शाळा पूर्व उपनगरात, डोंगराच्या पायथ्याशी. एका इमारतीत चार शाळा : मराठी, हिंदी, उर्दू आणि वरच्या मजल्यावर इंग्रजी माध्यमाची मुंबई पब्लिक स्कूल. चौघींचे मुख्याध्यापक वेगळे, पट वेगळा, खातं वेगळं. जिना, पाण्याची टाकी आणि शिपाई सामाईक. आमची मराठी, पहिली ते आठवी, तेव्हाचा पट 268.

सभेत काय झालं

एका रिक्षावाल्या पालकाने मोबाइलवर भागाकार करून आणला होता. पालिकेच्या शाळांत तीन लाखांच्या आसपास मुलं धरली, तर एका मुलामागे लाखाच्या वर आकडा येतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या पोरीवर वर्षाला लाख रुपये खर्च होतात असं सरकार सांगतंय. मग तिच्या डोक्यावरचा पंखा का फिरत नाही?"

टाळ्या पडल्या. प्रश्न चोखच होता. बाई म्हणाल्या, "ते सगळं विभागाकडून येतं, आमच्या हातात काही नसतं." हे खरं होतं आणि कुणाच्या काही कामाचं नव्हतं. मग मी उठलो आणि बँकेच्या भाषेत लिमिट, ओव्हरड्राफ्ट असं काहीतरी समजावू लागलो. मागून आवाज आला, "काका, तुम्ही पण त्यांच्यातलेच."

अशा वेळी पूर्वी माणसं नगरसेवकाकडे जायची. तो शिक्षण समितीत प्रश्न टाकायचा, वर्तमानपत्रात चार ओळी यायच्या, काही ना काही हालायचं. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. शिक्षण समिती उरली नाही. आमच्या समितीतही लोकप्रतिनिधीची खुर्ची तेव्हापासून रिकामी होती. त्यामुळे साडेतीन हजार कोटींचा प्रश्न थेट 268 मुलांच्या मुख्याध्यापिकेच्या टेबलावर येऊन आदळला. बाईंचा मला त्या दिवशी राग आला होता. आता येत नाही.

सभा हमरीतुमरीवर संपली. सोमवारी त्याच रिक्षावाल्याने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला : शाळेला मिळालेलं अनुदान, खर्च, बिलांच्या प्रती. बाईंना ते फार लागलं. "मला विचारलं असतं तर मी दिलं नसतं का?" त्यांनी मला विचारलं. मी गप्प बसलो, कारण सभेत विचारलंच होतं.

कोटी आणि पंखा यांच्यामध्ये

त्या आठवड्यात मी बाईंच्या खोलीत बसून फायली चाळल्या. पैशाच्या वाटा एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की त्या वेगळ्या करून सांगितल्याशिवाय कुणालाच काही कळणार नाही, हे तिथे ध्यानात आलं.

पालिकेच्या अर्थसंकल्पात शिक्षणाची वही वेगळी असते, तिला 'ई' अर्थसंकल्प म्हणतात. त्या वर्षीच्या 3,497.82 कोटींपैकी भांडवली कामांसाठी, म्हणजे इमारती, मोठ्या दुरुस्त्या वगैरेंसाठी, सुमारे 330 कोटी होते. बाकी सगळा महसुली खर्च, आणि त्यातला मोठा वाटा पगार आणि निवृत्तिवेतनाचा. खाजगी अनुदानित शाळांना द्यायचं अनुदानही त्यातच. म्हणजे रिक्षावाल्याचा भागाकार गणित म्हणून बरोबर होता, पण भाज्य आणि भाजक एकाच पिशवीतले नव्हते. गणवेश, दप्तर, बूट, वह्या धरून 27 वस्तू मुलांना मोफत मिळतात, त्यांची खरेदी वरून होते, शाळेत फक्त खोकी येतात. पोषण आहार केंद्र आणि राज्याच्या योजनेतून. इमारतीच्या मोठ्या कामांची निविदा निघते ती अभियंत्यांकडून. या सगळ्यात शाळेच्या सहीने खर्च होणारा पैसा चिमूटभर : समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं. 101 ते 250 मुलं असतील तर वर्षाला 50,000, 251 ते 1,000 असतील तर 75,000, हजारावर एक लाख. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर घालायचे.

आमचे 75,000. त्या वेळेपर्यंत त्यातले निम्मे, 37,500, शाळेला मिळाले होते. पण पासबुकात शून्य.

हे शून्य मला लगेच समजलं, कारण जन्म त्यातच गेला. जुलै 2021 पासून केंद्राच्या योजनांचे पैसे वाटायची पद्धत बदलली. पूर्वी शाळांच्या खात्यांत रकमा येऊन पडायच्या आणि बरेचदा पडूनच राहायच्या. नव्या पद्धतीत राज्यात योजनेचं एकच मुख्य खातं आणि खाली शाळांची खाती शून्य शिलकीची. शाळेला पैसा येत नाही, खर्चाची मर्यादा येते. बिल चढवलं, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्यांचा कागद बँकेत दिला, की तेवढीच रक्कम मुख्य खात्यातून निघून दुकानदाराकडे जाते. शाळेच्या खात्यात ती बसायलाही टेकत नाही. 31 मार्चपर्यंत वापरली नाही तर मर्यादा परत जाते.

हे मी अध्यक्षाताईंना चहा पिता पिता तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे रेशनसारखं. कार्डावर वीस किलो लिहिलंय, पण डब्यात दाणा नाही. दुकानात जाऊन उचललं तर आपलं, महिना गेला तर गेलं."

छत्तीस वर्षांत मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. "पण मग कार्डावर किती लिहिलंय ते कुणीच का नाही सांगितलं?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. सह्या त्या करत होत्या. कागद इंग्रजीत होते.

शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमात या समितीची कामं दिली आहेत : शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा, आणि मिळालेल्या अनुदानाचा वापर कसा होतो त्यावर लक्ष. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आमच्याकडे हे सगळं अगदी नियमाप्रमाणे होतं. म्हणजे ज्यांना माहिती द्यायची आणि ज्यांनी ती द्यायची, ते एकाच सतरंजीवर बसत होते. माहितीच्या अर्जाचं उत्तर तिसाव्या दिवसाच्या आत गेलं, पानाला दोन रुपये घेऊन. त्यातला एक न् एक कागद बाईंच्या लोखंडी कपाटात दुसऱ्या खणात होता. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम तर सांगतं की कार्यालयाने स्वतःहून इतकं जाहीर करावं, तेही स्थानिक भाषेत, की लोकांना अर्ज करायची पाळीच येऊ नये. राज्याच्या 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे पालिकांसारख्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 कागदपत्रं पाहताही येतात. पण सोमवारी 3 वाजता मोकळं असायला माझ्यासारखं निवृत्त असावं लागतं.

फळा

माझा पहिला प्रयत्न सपशेल पडला. दोन पानांचा छापील तक्ता केला : मंजूर तरतूद, वितरित मर्यादा, उपयोगिता प्रमाणपत्राची स्थिती. जिन्याशी चिकटवला. आठवड्याने पाहिलं तर कोपऱ्यावर कुणीतरी छोटा भीमचं स्टिकर लावलं होतं. तेवढंच लक्ष त्याच्याकडे गेलं होतं.

मग अध्यक्षाताई म्हणाल्या, "मी बोलते, तुम्ही लिहा." व्हरांड्यातला जुना हिरवा फळा, जिथे सुविचार लिहायचे, तो घेतला. सुविचार एका ओळीत वर सरकला. खाली त्यांनी सांगितलं तसं :

शाळेला वर्षाचे ठरलेले – 75,000
आतापर्यंत उचलता येतील – 37,500
उचलले – 21,640
नळ, पाइप, प्लंबर – 6,200
ट्यूब आणि वायरिंग – 5,900
फिनेल, झाडू, ब्रश – 4,100
जिन्याचा कठडा, वेल्डिंग – 5,440
राहिले – 15,860. 31 मार्चच्या आत उचलायचे.

बाईंना भीती होती. उद्या कुणी फोटो काढून वर पाठवला, एखाद्या पक्षाच्या शाखेत नेला, स्थानिक वार्ताहराने छापला तर? भीती खोटी नव्हती. फोटो पहिल्याच दिवशी निघाले. पण त्यानंतर झालं ते वेगळंच.

तिसऱ्या दिवशी एक पालक, धंद्याने प्लंबर, फळ्यासमोर बराच वेळ उभा. मग मुतारीकडे गेला, नळ बघून आला आणि म्हणाला, "बिल दाखवा." बिलात चार पितळी तोट्या होत्या. बसवलेल्यांपैकी दोन प्लास्टिकच्या, वरून रंग मारलेला. आम्ही बिल मंजूर करताना नळ उघडून पाणी येतंय एवढंच पाहिलं होतं. दुकानदाराने दोन दिवसांत गपचूप बदलून दिल्या. लेखापरीक्षणात हे सापडलं असतं असं मला वाटत नाही. लेखापरीक्षक बिल तपासतो, तोटीला नखाने खरवडून कोण बघतं?

आणि पंखा. राहिलेल्या पैशांतून काय करायचं हे ठरवायला बोलावलेल्या बैठकीत रिक्षावाला होता. इलेक्ट्रिशियन आला, स्टुलावर चढला, खाली उतरला : कंडेन्सर गेलाय. सातवीचा पंखा, पाचवीचे दोन, सगळ्यांचं तेच. तीन कंडेन्सर आणि त्याची मजुरी मिळून जो खर्च आला, त्याच्यासाठी साडेतीन हजार कोटींचा अर्थसंकल्प मध्ये आणायची गरज नव्हती. रिक्षावाला हसला नाही. म्हणाला, "मग एवढं वर्ष का थांबलो?" याचं उत्तर कुठल्याही वहीत नव्हतं. पंखा 'विभागाकडून येतो' अशी सगळ्यांची समजूत होती. नवा पंखा येतो तसा. कंडेन्सर कुणाचा, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

तेव्हापासून फळ्याचे दोन भाग केले : 'शाळेच्या हातात' आणि 'वरून येतं'. दुसऱ्या भागात आकड्याऐवजी तारखा लिहितो. मागणीपत्र कधी गेलं, उत्तर कधी आलं, आलं नसेल तर कोरी जागा. पोषण आहाराचं पाचवीपर्यंत 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी 150 ग्रॅम, हेही लिहिलं. एका आजीने घरून भाजीचा तराजू आणला आणि शिजलेली खिचडी तोलायला लागली. कोरडा तांदूळ आणि शिजलेला भात यांतला फरक समजावताना बाईंचा अर्धा तास गेला, पण त्या दिवसापासून डाळीचं पाणी झालं की आजी सांगते. 27 वस्तूंची यादी, कधी आल्या त्या तारखेसकट, टिकमार्क करून लावतो. त्यात फार सांगण्यासारखं काही नाही. ते चाललंय.

मार्चअखेर मात्र सांगायला हवं. दुसरा हप्ता, उरलेले 37,500, मर्यादेत दिसला तो 26 मार्चला, मंगळवारी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. 29 ला गुड फ्रायडे, 31 ला रविवार. कामाचे दिवस चार. त्यात दरपत्रकं, बिलं, ऑनलाइन चढवणं, सर्व्हर, दोघींच्या सह्या. पहिल्या हप्त्यातले राहिलेले तोवर खर्च झाले होते. दुसऱ्यातले 11,200 आम्ही कसेबसे उचलले. फळ्यावर काय लिहायचं यावर वाद झाला. बाई म्हणाल्या, "'समर्पित' लिहा, परत गेलेल्या पैशाला फायलीत तसंच लिहितात." अध्यक्षाताईंनी खडू माझ्या हातातून घेतला आणि स्वतः लिहिलं : 'गेले – 26,300.' अक्षर वाकडं आहे, पण ती ओळ जूनपर्यंत कुणी पुसली नाही.

लाख रुपये वर्गात उभे असतात

फळ्याचं कौतुक करताना मला एक गोष्ट खटकत राहिली. 75,000 म्हणजे किती? एखाद्या जुन्या शिक्षकाचा महिन्याचा पगार जवळपास तेवढा होतो. म्हणजे आम्ही ज्याचा पै न् पैचा हिशेब मांडत होतो, तो मुलांवर होणाऱ्या खर्चाचा अगदी कोपरा होता. उरलेल्याबद्दल फळा मुका.

ही कोंडी बाईंनीच फोडली. एप्रिलच्या सभेत रिक्षावाल्याने पुन्हा तोच लाख रुपयांचा विषय काढला, या वेळी जरा मवाळपणे. बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचे लाख रुपये ना, ते वर्गात उभे असतात. शिकवत असतात." हॉल शांत झाला. मागच्या रांगेतून एक मुलगी, सातवीची असावी, आईला म्हणाली ते सगळ्यांना ऐकू गेलं : "आमच्या वर्गात तर उभेच नसतात."

सातवीच्या सरांना जानेवारीत सर्वेक्षणाला नेलं होतं. ते आले तोवर लोकसभा निवडणुकीच्या प्रशिक्षणाची पत्रं आली. अधूनमधून शेजारच्या वर्गाच्या बाई दोन्ही वर्ग सांभाळत होत्या. शाळेवर होणारा सर्वांत मोठा खर्च कोणता, तो जागेवर आहे की नाही, हे कळायला अर्थसंकल्पाची प्रत लागत नाही. रोज सकाळी ते शाळेत दिसतं. फक्त ते आर्थिक माहितीत मोजायचं आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा फळ्यावर सर्वांत वर एक ओळ आली : 'आज वर्गावर शिक्षक – 8 पैकी __.' ती बाई स्वतः भरतात. शिक्षकांना आधी ती आवडली नाही, आपल्यावर पाळत ठेवल्यासारखी वाटली. मग एका सरांनीच सुचवलं की पुढे कारणही लिहा : रजा, प्रशिक्षण, निवडणूक. आता 'निवडणूक' हा शब्द वाचून पालक सरांवर न चिडता दुसऱ्या कुणावर तरी चिडतात. शाळेला एवढा दिलासाही पुष्कळ.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपात तीच एक ओळ सर्वांत मोलाची आहे. बाकीच्या सदस्यांना नळाची गोष्ट जास्त आवडते. पाहुण्यांना तीच सांगतात.

पट

ऑगस्टमध्ये नवा पट मोजला. 243. पंचवीस मुलं कमी झाली होती. काही कुटुंबं गावी गेली, काही पुनर्वसनाच्या इमारतीत लांब राहायला गेली, आणि बरीचशी जिना चढून वरच्या मजल्यावर इंग्रजीत गेली. 251 चा उंबरा आठ मुलांनी हुकला. हाच पट राहिला तर पुढचं अनुदान 75,000 ऐवजी 50,000.

हे फळ्यावर लिहायचं का? मी म्हणालो, लिहायचं, हिशेब म्हणजे हिशेब. लिहिलं : 'पट 243. 251 झाले असते तर 75,000. आता 50,000.' मला तेव्हा वाटलं होतं की ही नुसती माहिती आहे.

चार दिवसांनी वस्तीत कुजबुज सुरू झाली. ज्यांनी पोरं वर पाठवली त्यांच्यामुळे शाळेचे पंचवीस हजार गेले. नळावर एका बाईला कुणीतरी बोललं. तिची मोठी मुलगी आमच्या सहावीत, धाकटा यंदा वर पहिलीला घातलेला. दोघं एकाच जिन्याने शाळेत येतात. ती शाळा सुटायच्या वेळी मला फळ्यापाशी भेटली. आवाज चढवला नाही. 243 वर बोट ठेवून तिने विचारलं, "काका, हे माझं एक धरून की सोडून?"

"मोठीला धरून," मी म्हणालो. "धाकट्याला सोडून."

तिने पदराने खालच्या दोन ओळी पुसल्या. '243' तेवढा ठेवला आणि मुलांना घ्यायला जिन्याकडे गेली. त्या ओळी मी पुन्हा लिहिल्या नाहीत. पुढच्या बैठकीत कुणी विचारलं तर तोंडी सांगतो.